रुमालाखालचा सौदा

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शेवगावच्या बाजारात शेळ्या-बोकडांचा दलाल म्हणून माझा जम बसला होता. आमच्या ख्रिस्ती वस्तीतल्या देवळावरचे पत्रे मी घालून दिले होते, आणि त्याच देवळानं मला प्रभुभोजनातून, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटून घेण्याच्या विधीतून, काढलं होतं. कारण एवढंच, की भर सभेत एका पंचानं मला लबाड म्हटलं आणि मी त्याच्या कानशिलात वाजवली. सहा महिने प्याला माझ्या ओठांना लागणार नाही, असा ठराव झाला. मागच्या बाकावर बसायची मुभा होती, पण मागं बसणाऱ्यातला मी नव्हे. मी दाराबाहेर पायरीवर बसायचो.

वस्तीची विहीर आटली. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. दोर गावकऱ्यांच्या हातात. ते वरून ओततील तेव्हा आम्ही खाली घागर धरायची. प्रभुभोजनासाठी आमच्याकडे आदल्या दिवशी मनुके भिजवून रस काढत. ते काम एका म्हाताऱ्या विधवेकडं होतं. आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. मनुक्यांचं पाणी आपल्या हातानं शेंदलेलंच हवं, हा तिचा नेम. त्या शनिवारी तिनं गावच्या विहिरीत तांब्या सोडला.

दोरावरच्या गावकऱ्यांनी लोखंडी पोहऱ्यानं तिचं डोकं फोडलं. ती पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. सोडवायला गेलेल्या पंचाच्या, त्याच पंचाच्या, बरगड्या काठ्यांनी मोडल्या. मी दुपारी बाजारातून परतलो, तेव्हा आत्या ओट्यावर पडलेली. केस रक्तानं कवटीला चिकटलेले, त्यावर माशा. शेजारी पंच कण्हत होता. खोटं कशाला सांगू, ते कण्हणं ऐकून आधी मला बरं वाटलं. मग मी आत्याकडं नीट पाहिलं.

फौजदार यायच्या आत गावच्या पुढाऱ्यानं मला चिंचेच्या पारावर बोलावलं. तो माझं जुनं गिऱ्हाईक. म्हातारीनं आधी दगड उचलला एवढं मी सांगावं, असं त्याचं म्हणणं.

"तू त्यांचा कुठं हायेस?" तो म्हणाला. "त्यांनीच तर तुला वाळीत टाकलंय."

मग त्यानं बाजारातल्यासारखा माझ्या हातावर रुमाल टाकला. भोवतालच्यांना भाव कळू नये म्हणून आम्ही रुमालाखाली बोटं दाबून बोलतो. त्यानं माझी दोन बोटं दाबली आणि विहिरीकडं मान केली. रोज दोन घागरी, मी स्वतः शेंदायच्या. वस्तीत कुणाला मिळाला नसता असा भाव होता.

मी त्याची दोन बोटं धरली आणि उलटी वाकवत गेलो. रुमालाखाली कडकन आवाज झाला. तो गुरासारखा ओरडला.

त्याच्या माणसांनी मला पाराच्या दगडावर पाडलं. एकजण माझ्या मानेवर बसला, दुसऱ्यानं उजवा हात पसरून धरला आणि तिसऱ्यानं त्यावर दगड घातला, तीनदा. फौजदाराला घडलं तेच सांगितलं आणि जबानीखाली सहीऐवजी डावा अंगठा उठवला. पुढं उजव्या हाताची बोटं कधी सरळ झाली नाहीत, आणि त्या हाताचं रुमालाखालचं बोलणं बाजारात कुणाला कळेनासं झालं.

रविवारी पाळक आले. मनुके अखेर वरून ओतलेल्या पाण्यातच भिजले होते. मी हाताला फडकी गुंडाळून पायरीवर बसलो. आत पहिल्या बाकावर आत्या होती, डोक्याला लुगड्याची पट्टी. प्याला तिच्यापुढं आला.

"पायरीवरच्याला दिला का?" तिनं विचारलं.

पंच बरगड्या धरून उठला. ठरावाचे दोन महिने अजून बाकी आहेत, म्हणाला.

"मग मलाबी दोन महिन्यांनीच द्या."

ती भिंत धरत बाहेर आली. पायरीपाशी थांबली.

"सरक की. समदी पायरी तुझ्या बापाची हाय का?"

मी सरकलो. ती टेकली आणि माझा सुजलेला हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. तिच्या पट्टीतून पुन्हा रक्त येत होतं. आत प्याला पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर गेला, एकेकानं घोट घेतला. मी घातलेल्या पत्र्यांखालून दुसरं कुणी उठलं नाही. पंचही उठला नाही. दोन महिन्यांनी प्याला मिळाला, आत्याला आणि मला एकदमच. पण त्या रविवारी कोण कुठल्या बाकावर बसलं होतं, ते मला आजही सांगता येतं.