दुसऱ्यांच्या कौलाला बसणारा गुरुदास

गुरुदासचं पुढे काय होणार, ही लक्ष्मीची रोजची काळजी होती. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, धडधाकट, डोक्यानेही बरा. पण काय करतो असं कुणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची. ‘बसतो’ एवढंच खरं उत्तर होतं.

तो देवळात बसायचा, लोकांच्या बदली. गावात विहीर खणायची असो की लग्न ठरवायचं असो, आधी देवाचा कौल. गुरव देवाच्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी पाच मिनिटांत पडते, कधी तीन तास जागची हलत नाही. एवढा वेळ हल्ली कुणाकडे आहे? म्हणून गावातल्या निलेशला जीप घ्यायची असो की संचिताला कोंबड्या, देवासमोर गुरुदास बसायचा आणि फोनवरून खबर द्यायचा, “डावी जरा सुटली हां... नाय नाय, परत चिकाटली!”

मोबदला ठरलेला, एक नारळ. लक्ष्मीने कणकवलीला अर्थशास्त्रात बी. ए. केलं होतं. पाच मिनिटांना एक नारळ आणि तीन तासांनाही एकच, हे तिच्या शिक्षणाला सोसत नसे.

“तासावर घे रे!”

“गे आये, मगे मीच देवाक सावकाश पाड म्हणान सांगतंय, असा लोकांका वाटतला.”

अशात गोव्यातल्या एका कारखान्याचं पत्र आलं. दोडामार्गहून कंपनीची बस, महिन्याला पगार. होकार शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचा. शुक्रवारी सकाळी सातला गुरुदास पहिल्यांदाच स्वतःच्या कौलाला बसला. दुपारचे तीन वाजले तरी पाकळ्या जिथल्या तिथे.

लक्ष्मी घरचा टेबलफॅन काखोटीला मारून देवळात हजर झाली.

“पंखो कित्याक हाडलंस?” गुरुदासने विचारलं.

“उकडता.”

“कोणाक उकडता वैनी, तुमका काय देवाक?” दत्ताराम गुरव चहा पीत म्हणाला.

तिने बटण दाबलं, तेही थेट तीनवर. दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या. एक घंटेला आपटली, दुसरी दत्तारामच्या चहात पडली. त्याने ती बोटाने बाहेर काढून उलटसुलट पाहिली.

“ही खंयची? उजवी की डावी? आता होय म्हणाचा की नाय?”

शेवटी त्याने नव्या पाकळ्या लावल्या. ओल्या, गच्च. घड्याळात सव्वाचार झाले होते.

गुरुदास रागावला नाही, पुन्हा मांडी घालून बसला. नोकरी हातची गेली तरी हा असाच बसेल, हे ओळखून लक्ष्मी त्याच्यासमोर येऊन बसली.

“खरा सांग, तुका जावचा आसा?”

“जावचा आसा गे. खूप आसा. पण इचारल्याशिवाय कसो जातलंय?”

ती पंखा तिथेच टाकून, पत्र घेऊन बाहेर आली. देवळात फोन लागला तरी आवाज तुटतो, मागे चिऱ्यांच्या ढिगावर चढलं की रेंज नीट मिळते. साडी खोचून ती चढली. ओल्या पाकळीचं काही सांगायचं नाही. पंख्याचं तर नाहीच. माझ्या मुलासाठी उद्यापर्यंत थांबाल का, एवढंच विचारायचं. आजवर गुरुदाससाठी थांबा, असं कुणी कुणाला म्हटलंच नव्हतं. पत्रावरचा नंबर तिने दोनदा मोठ्याने वाचला आणि लावला.