पहिला दात कुणी पाहिला

ती कवळ्या बनवायची. दवाखान्यामागच्या एका लांबट खोलीत खिडकीजवळचं टेबल तिचं. समोर गुलाबी मेणाची हिरडी, शेजारी रंगाप्रमाणे लावून ठेवलेले दात, हातात दिव्यावर तापवलेली छोटी सुरी. मेण मऊ करायचं, दात बसवायचा, मान तिरकी करून बघायचं, नाही पटलं तर उपटायचा. सुरुवात वरच्या जबड्याच्या पुढच्या दोन दातांपासून. बाकीचं तोंड त्यांच्या अंदाजाने लागतं. बारा वर्षं हेच केल्यामुळे रस्त्यात कुणी हसलं तर तिला आधी दात दिसायचे आणि मग माणूस.

मुलं दोन. थोरली चार वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा. दिवसभर दोघं तळमजल्यावरच्या बाईंकडे असायची. या बाईंनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. त्या निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज मात्र निवृत्त झाला नाही. सगळी इमारत त्यांना कंडक्टरबाई म्हणे आणि मुलं टिंगटिंगआजी. पाच पोरांना एका ओळीत बसवून त्या भरवायच्या. "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हटलं की पोरं सरकायची, "टिंग टिंग" म्हटलं की घास गिळायची. घरी वाटीभर भातासाठी आईला तासभर नाचवणारी थोरली तिथे वाटी चाटूनपुसून परत द्यायची. आईला हे कौतुकाने सांगितलं जायचं. ती "अरे वा" म्हणायची, पण अशा सुरात, की सांगणारा पुढचा तपशील गाळायचा.

संध्याकाळी मुलांसोबत एक चिठ्ठी मिळायची. "८.१० चढला. १०.०० अर्धी वाटी भात, पाव केळं. ११.१५ ते १२.३० झोप. ३.०० शी, भरपूर. ५.४० उतरला." ही चिठ्ठी ती जिन्यातच उभी राहून वाचायची, सवतीचं पत्र हाती लागावं तशी. आपला मुलगा दुसरीच्या घरी सव्वा तास गाढ झोपतो, ही गोष्ट तिला नुसती झोंबत नसे, वेळेसकट झोंबायची.

भात गेला, झोप गेली. पहिला दात मात्र आपणच पाहायचा, एवढा एक हक्क तिने राखून ठेवला होता. थोरलीचा पहिला दात सासूबाईंनी पाहिला होता आणि सगळ्या नातेवाइकांना कळवून झाल्यावर सुनेला सांगितला होता. तो राग तिने तीन-साडेतीन वर्षं जपून ठेवला. दात वरचा होता की खालचा, हे मात्र साफ विसरली.

रोज घरी आलं की ती धाकट्याला मांडीवर आडवा घ्यायची, वरचा ओठ उचलायची आणि करंगळी फिरवायची. तो जीभ बाहेर काढून असा काही गळा काढायचा, की शेजारच्या घरातला टीव्ही बारीक व्हायचा.

"अजून नाही," ती समाधानाने म्हणायची. आपल्याला दिसला नाही म्हणजे कुणालाच दिसला नाही, असा तिचा हिशेब.

"येईल गं," नवरा म्हणायचा. "कवळी लागायच्या आत नक्की येईल."

एका रविवारी धाकटा चमचा चघळत बसला होता. टक् असा आवाज झाला. तिने धावत जाऊन ओठ वर केला, काही नाही. मग खालचा ओठ ओढला. खाली, अगदी मधोमध, दात.

आनंदाने ओरडायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दीड मिलिमीटर. तिच्या नजरेला मोजपट्टी लागत नाही. एवढा दात एका रात्रीत वर येत नाही. हा दोन आठवड्यांचा तरी जुना भाडेकरू. आणि ती मात्र कामावर जिथून सुरुवात करायची, तिथेच रोज शोधत बसली होती.

"म्हणजे इतके दिवस तू वरचा मजला तपासत होतीस?" नवरा हसायला लागला आणि तिचा चेहरा पाहून थांबला. थोडा उशिराच थांबला.

कारण आता तिला दुसरंच सुचलं होतं. दिवसातून तीनदा चमच्याने भरवणाऱ्या बाईला तो टक् ऐकू आला नसेल? तिने कपाटातून पंधरा दिवसांच्या चिठ्ठ्या काढल्या. भात होता, शी होती, दात नव्हता.

सोमवारी सकाळी ती दारात उभी राहिली. "काकू, याला दात आलाय."

"अगंबाई! हो का?" कंडक्टरबाईंनी डोळे मोठे केले. तीस वर्षं विनातिकीट माणसं हेरणाऱ्या या बाईला स्वतःला खोटं बोलायचा सराव नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं," त्या म्हणाल्या. "पंधरवडा झाला. म्हटलं, तुझं तुला सापडू दे. मी सगळ्यांच्या बाबतीत असंच करते. काही पहिलंवहिलं झालं तर लिहीतच नाही. घरी गेल्यावर पुन्हा पहिल्यांदा होतं, आई खूश. मला काय करायचंय!"

"पंधरा दिवस वाट बघत होतात?"

"तू दातांतली. वाटलं, दुसऱ्या दिवशी नाचत येशील. मग म्हटलं, हिचं लक्ष..." पुढचं त्यांनी गिळलं, पण जे पोचायचं ते पोचलं होतं.

"मी पण पाहिला होता," थोरली चप्पल काढता काढता म्हणाली. "टिंगटिंगआजी म्हणाली, आईला सांगायचं नाही."

आपलं कुणी हिसकावून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे तिचंच तिला दानात मिळत होतं, आणि पोटची मुलगी दात्यांच्या बाजूला होती.

"यापुढे सगळं लिहायचं," ती म्हणाली. "लपवायचं नाही. नाहीतर मी मुलांची दुसरीकडे सोय बघते."

"अगं, पण..."

"सगळं, काकू."

"बरं बाई. मुलं तुझी, चिठ्ठी तुझी."

चिठ्ठ्या लांबल्या. "१०.१० दुसरा दात, खालीच, नुसतं टोक." "११.०५ टाळ्या वाजवल्या." "२.३० बा म्हणाला, कुणाला ते कळलं नाही." तिच्या मुलाचं प्रत्येक नवलाचं काम आता निळ्या शाईत, वेळेसह, पाच चाळीसला तिच्या हातात पडू लागलं. ती जिंकली होती. नवऱ्याने एकदा विचारलं, "आता बरं वाटतं ना?" ती म्हणाली, "वाटणारच." आणि भांडी जोरात घासली.

मग एका गुरुवारी चिठ्ठीत आलं: "४.२० चालला. चार पावलं."

ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. एवढं एक नसतं लिहिलं तर चाललं असतं, असं जाऊन सांगावं, हे मनात आलं; पण ते कुठल्या तोंडाने सांगणार? ती उठली, धाकट्याला कडेवर घेतलं, थोरलीचा हात धरला आणि परत दार वाजवलं.

"काकू, कुणाकडे चालला?"

कंडक्टरबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"माझ्याकडे नाही. खोटं कशाला बोलू, मी चांगले हात पसरून बसले होते. ढुंकून बघितलं नाही मेल्याने! सरळ ताईकडे."

घडी झालेलं दुपटं त्यांनी पुन्हा मोडलं आणि पुन्हा घातलं. तो सूर तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने ती तो जिन्यात, चिठ्ठी वाचताना, स्वतःच्याच मनात ऐकत होती.

दोघींनी एकदमच थोरलीकडे पाहिलं.

"मी बोलावलं म्हणून आला," थोरली म्हणाली. "मला चित्र रंगवायचं होतं. तरी बोलावलं."

"ये आत," कंडक्टरबाई म्हणाल्या. "चप्पल काढ. अजून एकदा चालतो का बघू."

ती चटईच्या एका टोकाला बसली, कंडक्टरबाई दुसऱ्या टोकाला. धाकट्याला मधे उभं केलं. दोघींनी हात पसरले. एकीने "ये रे राजा" म्हटलं, दुसरीने "टिंग टिंग". त्याने दोघींना नीट पाहून घेतलं आणि डुलत डुलत भिंतीशी चित्र रंगवणाऱ्या बहिणीकडे निघाला.