अंबाड्याचा फोटो

"बाई, तुमच्या 'अडॉर्न'च्या चित्राचं काय करायचं? पान छपाईला निघालंय, तेवढ्यावर अडलंय."

"चित्र चुकलंय, सर."

"अहो, नवरी आहे, दागिने आहेत, मुंडावळ्या आहेत. आणखी काय हवं?"

"तेच म्हणतेय. जास्त झालंय."

फोनवर आमचे संपादक टिपणीस सर होते. शाळेच्या मुलांसाठी सचित्र इंग्रजी-मराठी शब्दकोश चालला होता आणि मी मीरा रोडच्या घरी बसून त्याच्या नोंदी लिहीत होते. नोंद म्हणजे एका शब्दाचा सगळा संसार. आधी शब्द, मग अर्थ, मग जवळचे शब्द, शेवटी एक वाक्य. काही नोंदींना चित्र.

अर्थ लिहिणं सोपं असतं. जवळचे शब्द एकमेकांपासून सोडवणं हा खरा ताप. सजवण्याला इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत. हॉलला पताका लावल्या की 'डेकोरेट'. वरातीच्या गाडीसारखं फुलांनी लादून टाकलं की 'बिडेक'. 'एम्बेलिश' म्हणजे भर घालून खुलवणं, त्यात गोष्टीला तिखटमीठ लावणंही आलं. आणि 'अडॉर्न' म्हणजे मुळात देखणं असेल त्याला थोडंसंच काही लावून शोभा आणणं. चित्रकाराने काढलेली नवरी ही सरळसरळ वरातीची गाडी होती.

"सोमवारपर्यंत द्या," सर म्हणाले. "नाहीतर नोंद चित्राशिवाय जाईल."

जाऊ द्यायला हवी होती. पण कोशवाल्यांची जात चिकट. त्याच दुपारी दारावर हाक आली, "बाय, कोलंबी हाय खाडीची!"

हिरामावशी राई गावातून यायची. तीन वर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये मासे विकत होती आणि तीन वर्षं मी फक्त तिने मांडलेल्या वाट्याकडे बघत होते. त्या दिवशी पाटी उचलायला ती वळली आणि मला तिचा अंबाडा दिसला. साठीला आली असेल, पण केस काळेभोर. मुठीत मावणार नाही असा घट्ट, मोठा अंबाडा. त्यावर काहीच नव्हतं. एक वेणी माळली की झालं, असं मला वाटलं.

"मावशी, उद्या तुझ्या अंबाड्याचा फोटो काढू? मुलांच्या पुस्तकात छापायचाय."

"माजा? काढ की!" ती हसली. "तोंड नको हां, दात पडलेत."

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळून अबोलीची वेणी आणली. कॅमेऱ्यात नवा रोल घातला. मावशी आली, पाटी बाहेर ठेवून पाट ओढून बसली. मी पुडा सोडून वेणी तिच्यापुढे धरली. तिचा हात अंबाड्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"ही कोनाला?"

"तुलाच. माळ ना."

"मना न्हाय चालत, बाय. मालक जाऊन नऊ वर्सं झाली."

मी वेणी मागे घेतली. तिच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ म्हणजे मंगळसूत्रच, असं मी धरून चालले होते. शब्दांची सालं काढणारी बाई मी, आणि समोरच्या माणसाचा गळा कधी नीट बघितला नव्हता!

"चुकलं माझं, मावशी. राहू दे. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते."

पण ती उठेना. वेणीकडे बघत बसली. "आमचे मालक बाजारातनं येताना रोज आनायचे," ती म्हणाली. "अबोलीच. गेले त्या दिवशी बायकांनी डोक्यातली काढली. मी काय नवऱ्यासाठी माळत होते काय? लग्नाच्या आदीपासून माळत होते! लय हौस होती गो मना."

मला माझी आई आठवली. बाबा गेल्यावर तिने गजरा सोडला. नंतर शेजारच्या मुलींना ओवून द्यायची. तिला स्वतःला हवासा वाटायचा का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही, आणि ते फार सलतं.

"फोटोत तोंड दिसंल काय?" मावशीने विचारलं.

"नाही. फक्त पाठ."

"मंग दार लाव. आनि साबन दे, हाताला वास हाय."

तिने कोपरापर्यंत हात धुतले. आरसा न मागता, एका हाताने वेणी अंबाड्याभोवती अशी बसवली, जणू कालच काढून ठेवली होती. मी फोटो काढला. दुसरा काढला.

"झालं, मावशी."

"आजून एक काढ. हलली आसन मी."

काढला. "आता खिडकीकडं बसते, उजेड हाय." तोही काढला. मग ती मान थोडी कलती करून बसली, मग उभी राहिली. काय चाललंय ते मला सातव्या-आठव्या फोटोला कळलं. मग मी घाई केली नाही. छत्तीस फोटोंचा रोल संपेपर्यंत आम्ही दोघी दार लावून बसलो होतो.

रोल संपल्यावर तिने स्वतःच वेणी उतरवली.

"घेऊन जा ना घरी," मी म्हटलं.

"सून हाय, नातवंडं हायत. बोलनार न्हाय कोन. पन बघतील." तिने वेणी माझ्या हातात ठेवली आणि पाटी उचलली.

टिपणीस सरांना मी एकच फोटो पाठवला. "हे बरोबर," ते म्हणाले. "नवरीपेक्षा बरंच बरोबर."

पावसाळ्यानंतर कोश छापून आला. मला एक प्रत मिळाली. मावशीने पदराला हात पुसून ते पान बराच वेळ बघितलं.

"वाचून दाव."

"अडॉर्न. सजवणे, शोभा आणणे, शृंगारणे. तिने अंबाड्यात अबोलीची वेणी माळली."

"रंग न्हाय आला."

"एकरंगी छपाई आहे, मावशी."

"आसू दे. मना ठाव हाय." मग जरा थांबून म्हणाली, "ह्यो कागद देशील? घरी सांगन, पुस्तकातली कोन बाई हाय."

पुस्तकाचं पान फाडायला माझा हात धजत नव्हता. उभ्या जन्मात कधी फाडलं नव्हतं. पट्टी लावून फाडलं. तिने घडी केली नाही, पोलक्यात घातलं नाही. माझ्याकडून वर्तमानपत्र मागून त्यात सपाट गुंडाळलं आणि पाटीत नको म्हणून हातात धरून नेलं.

या धंद्यात एवढं शिकले, की शब्दाचा अर्थ लावण्याआधी माणसाकडे नीट बघावं. बाकी, माझ्या प्रतीत 'अडॉर्न' नाही. कुणी विचारलं तर तोंडी सांगते.