मगदूम सरांचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळायचं

मगदूम सर गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत प्रार्थना सुरू होती. मुख्याध्यापकांनी माइकवर सांगितलं. मला आधी रागच आला. निवृत्ती तोंडावर आलेली, हातातलं काम अर्धवट, असं कुणी जातं का?

काम म्हणजे सरांचा तो नाद. आम्ही दोघं नववी-दहावीला विज्ञान शिकवायचो. शाळा सुटली की सर जपान, फिनलंड, सिंगापूरचे विज्ञानाचे अभ्यासक्रम उघडून बसायचे. आंतरराष्ट्रीय चाचणीत मुलांकडून काय अपेक्षित असतं, त्याच्याशी ते परदेशी अभ्यासक्रम आणि आपला, दोन्ही ताडून बघायचे. "ह्यांना जपानात काय शिकवत्यात ते ठावं हाय, घरातलं मीठ संपलंय ते न्हाय," असं सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या. एकदा मला वाटलं, आता सर आपल्या पुस्तकांवर तोंडसुख घेणार. पण सर म्हणाले, "आपल्यात धडं कमी न्हाईत, बाई. उलट जास्तच हायत. पर तिकडं पोरांना इचारत्यात, तुला काय दिसलं? आपण इचारतो, पुस्तकात काय लिवलंय?"

खोटं नव्हतं ते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून उंचावर, त्यामुळे इथलं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. आमच्या मुलांच्या प्रयोगवहीत मात्र वर्षानुवर्षं शंभर. थर्मामीटर डोळ्यांसमोर धरूनही शंभर! एका वर्षी सरांनी शंभर लिहिणाऱ्यांचे गुण कापले, तर शिरोली एमआयडीसीत कारखाना असलेले एक पालक तावातावानं आले.

"पुस्तकात शंभर हाय की वो! मग माझ्या पोरीचा मार्क कापला कसा?"

"पावणं, पुस्तकातलं पाणी समुद्राकाठी उकळतंय, आपलं हितं," म्हणत सरांनी बर्नरच पेटवला. पालक वाकून बघत राहिले. "व्हय की..." म्हणाले, आणि चहा घेऊनच गेले.

सरांना एवढंच हवं होतं, की शाळेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांनी दिसेल ते लिहावं आणि त्यालाच गुण मिळावेत. निकाल घसरेल म्हणून शिक्षकांच्या बैठकीत सगळे बिचकले. शेवटी यंदाच्या नववीपुरतं करून बघायचं ठरलं. मुलांनी पुन्हा पुस्तकच उतरवलं, तर विषय बंद. परीक्षेच्या आधीच सर गेले.

गेल्या आठवड्यात ती परीक्षा झाली. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवायचा, त्यावर तांबूस थर चढतो. सगळ्यांचे खिळे तांबूस झाले, एका मुलीचा तसाच चकचकीत राहिला. चुकून स्टेनलेस स्टीलचा खिळा आला असावा. तिनं शेजारच्या वहीकडं पाहिलं, खोडरबर उचललं. परीक्षा होती, मला काही सांगता येईना. मग तिनं खोडरबर ठेवलं आणि लिहिलं, 'मला खिळ्यात काहीही बदल दिसला नाही.'

वही देताना हळूच म्हणाली, "मॅडम, मगदूम सरांनी ह्याला मार्क दिलं असतं न्हवं?"

"पूर्ण दिले असते गं," मी म्हणाले. आणि तिला पूर्ण गुण दिले.