दोन डावे शॉकअप आणि अक्काची पाठ

आधी कबुलीजबाब देऊन टाकते, म्हणजे पुढं कुणी उकरून काढायला नको. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पहिली गाडी घेतली, दोन मालक वापरून कंटाळलेली. खड्डा लागला की तिचं नाक चार वेळा वर-खाली व्हायचं. माझ्या डोक्यात गावाकडचं शहाणपण ठासून भरलेलं: रिकामी बैलगाडी उडते, भरलेली गप्प बसते. म्हणून मी घरातलं दगडी जातं, दोन्ही तळ्यांसकट, डिकीत ठेवलं. मागचं टोक बसलं आणि नाक आभाळाला लागलं. संध्याकाळी दिवे लावले तर रस्ता सोडून झाडावरचे बगळे दिसायला लागले. अशा थाटात ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, आठ दिवस ऑफिसला गेली. कुणी विचारलं तर वर तोंड करून सांगायची, "गाडीला वजन पाहिजे." आज भेटली असती तर मी आधी तिचं लायसन काढून घेतलं असतं.

आता मी एकोणसत्तर वर्षांची आहे, गाडी दुसरी आहे, आणि मधल्या काळात अक्कल वाढली असा माझा समज होता. तो समज घेऊन मी मागच्या सोमवारी गारखेड्यातून निघाले आणि जिन्सीच्या बाजारात हरवून आले.

निघायचं कारण अक्का. माझी थोरली बहीण, राहायला पुंडलिकनगरात, जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. मागच्या वर्षी तिला घरी सोडताना एक गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी उडाली, अक्का उडाली, आणि खाली येताना तिचा मणका दुखावला. तीन महिने पलंगावर होती. मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच वाईट. आमची अक्का बोलायची थांबली की समजावं, खोल गेलंय. तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसलेली नाही. मी दारात गाडी घेऊन उभी असले तरी ती कोपऱ्यावर जाऊन रिक्षाला हात करायची.

अशात खुलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यातून निरोप आला. तिथल्या दवाखान्यात अक्काबरोबर कित्येक वर्षं काम केलेली सुगंधाबाई दाई अंथरुणाला खिळली होती आणि "सिस्टरला एकदा बघायचंय" म्हणत होती. अक्काच्या मुलानं भाड्याची गाडी ठरवतो म्हटलं. अक्का म्हणाली, "अनोळखी माणसाला किती बार सांगू, हळू चालव म्हणून?"

"मी नेते की," मी म्हटलं.

ती माझ्याकडं न बघता मेथी निवडत राहिली. "उडत न्हेणार का रस्त्यानं?"

"शॉकअप बदलून घेते. रविवारी निघू."

"बघू," अक्का म्हणाली. तिच्या 'बघू'मध्ये नकाराला ऐसपैस जागा असते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

शॉकअप म्हणजे काय (गाडीची उसळी गिळणारा तेलाचा नळा, पुढच्या चाकांवर तो स्प्रिंगच्या पोटात उभा असतो) ते मला जात्याच्या प्रकरणानंतर कळलं होतं. आधी मी कंपनीच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये गेले. काचेमागच्या बाईंनी आकडा सांगितला. मी विचारलं, "ह्यात गाडीपण येते का?" त्या हसल्या नाहीत. मग मी पेन्शनला परवडेल अशा दिशेला, म्हणजे जिन्सीला, गाडी वळवली.

तिथं एका गल्लीच्या तोंडाशी रफिक मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली मिस्त्री. त्यानं बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. नाक वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"अम्मा, ये गाडी है के झूला?"

"बदलायचेत. पण स्वस्तात बसव."

"तो सुनो. स्प्रिंगा अच्छे हैं, उनकू हात नक्को (नको) लगाना. सिरफ शॉकअप और उप्पर का रबर. सामान तुमीच लाव बाजार से, मैं खाली मजुरी लेतूं."

इथली रीतच अशी. गिऱ्हाइकानं सामान आणायचं, मिस्त्रीनं बसवायचं, म्हणजे मधल्या कुणाचं पोट भरायला नको. मी मात्र आणखी बचत शोधली. "डावाच जास्त कुरकुरतो. एकच बदलला तर?"

"हौ (हो), बदलो ना एकच. गाडी लंगडाती जाएंगी, और आपा की पीठ फिर से."

अक्काची सगळी कथा मी त्याला पाच मिनिटांत सांगून ठेवली होती, ती अशी माझ्यावर उलटली. दोन आणायचं ठरलं. जुना शॉकअप घेतलाच तर कसा पारखायचा तेही त्यानं शिकवलं: दांडा दाबून सोडायचा, हळूहळू आणि एका चालीनं वर आला पाहिजे.

बाजारात जुन्या शॉकअपांची रास होती, सगळ्यांना ताजा काळा रंग फासलेला, जणू लग्नाला निघालेले. पहिला दाबला तर खाली गेला आणि तिथंच ध्यानाला बसला. दुसऱ्यानं माझ्या हातावर तेल सोडलं. तिसऱ्याचा रंगच बोटांना लागला. जुन्याचा नाद सोडून मी समोरच्या दुकानात शिरले. नवा माल, पण साध्या कंपनीचा.

"जयभीम, माय. बसा. काय दाखवू?" दुकानदार कानाला फोन लावूनच बोलत होता. त्यानं गाडीचं नाव ऐकलं, दोन शॉकअप, वरच्या रबरांसकट, काढून काउंटरवर ठेवले आणि पुन्हा फोनवर गेला. चांगली घासाघीस केली मी, त्याला फोन नीट ऐकू येईना इतकी. भाव जुळला. तो पैसे घेऊन गल्ल्याकडं वळला, तेवढ्यात माझं लक्ष गेलं. ह्या दोघांत फरक होता. ब्रेकची नळी अडकवायची पट्टी एकाला ह्या अंगाला, दुसऱ्याला त्या अंगाला. म्हटलं, मला बाई समजून बिनजोडीचा माल गळ्यात मारतो काय? मागच्या खोक्यात आणखी होते. त्यातून निवडून, शेजारी-शेजारी धरून, डोळे बारीक करून मी हुबेहूब जुळणारी जोडी घेतली आणि नको तो परत ठेवला. दुकानदाराला कळू दिलं नाही. त्या विजयाच्या भरात समोरच्या हॉटेलात बसून नान-खलिया खाल्ला (नान भट्टीतला, पिवळट, खलिया म्हणजे मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा). तर्री दंडापर्यंत ओघळली. अक्का असती तर म्हणाली असती, बाळंतिणीसारखी जेवू नको.

गॅरेजला परतले तेव्हा गाडी लोखंडी घोडीवर चढवलेली, पुढची दोन्ही चाकं काढलेली. मिस्त्रीनं डावीकडचा शॉकअप बसवला. उजवीकडं गेला. शॉकअप उलटा-सुलटा करून बघितला. मग नुसतं डोकं वर आलं.

"अम्मा, ये किसने दिया?"

"मी निवडला. दुकानदार फसवत होता. बघ, जोडी कशी तंतोतंत आहे."

"हौ. तंतोतंत है. दोनों डावे हैं."

मी लिंबाकडं बघत राहिले.

रिक्षा केली. शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतला. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मावशी, लेकरू लई वजनदार दिसतंय."

"पहिलंच आहे," मी म्हटलं.

दुकानदार माझीच वाट बघत बसला होता. त्याच्यासमोर काउंटरवर एक शॉकअप एकटाच आडवा पडलेला. "या, माय. खोक्यात ह्यो उजवा बिनजोडीचा घावला, तवाच वळखलं. मी जोडी लावून दिलेला माल कुणी पुन्यांदा पारखला असंल, तर त्या तुमीच."

"अहो, पण दोन्ही सारखे नव्हते."

"कसे असतील? जोडी म्हंजे नवरा-बायको असतंय. जुळी भावंडं नाय." त्यानं बदलून दिला, वर चहा पाजला, आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सगळी गोष्ट माझ्यादेखत पुन्हा सांगितली. चहा चांगला होता, म्हणून ऐकून घेतलं.

दिवेलागणीला गाडी खाली उतरली. मिस्त्रीनं बॉनेट दाबलं. नाक एकदा खाली, एकदा वर, आणि थांबलं. मग मी दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. "बस करो अम्मा," तो म्हणाला, "घिस जाएंगे." दुसऱ्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट करून घे, नाहीतर नवे टायर घ्यावे लागतील, असंही बजावलं. तेही मी केलं, कुठंही अक्कल न चालवता.

रविवारी सकाळी पुंडलिकनगरात पोचले. अक्का बाहेर आली ती कमरेला पट्टा बांधून, दोन उश्या आणि बीपीचं मशीन घेऊन. लगेच बसली नाही. बॉनेटवर हात ठेवून दाबलं, पेशंटचं पोट दाबतात तसं. मग मागच्या सीटवर बसली.

छावणी ओलांडल्यावर पहिला गतिरोधक आला. मी पहिला गिअर टाकला. गाडी चढली, उतरली. मी आरशात अक्काचं तोंड बघत होते.

"समोर बघ," ती म्हणाली.

दौलताबादच्या जुन्या दरवाजात नेहमीसारखी एकेक गाडी सोडत होते. टोपलीतले पेरू खिडकीपर्यंत आले. पुढं घाट लागला. वळणावळणाला किल्ला मागं पडत गेला, आणि मी भीतीपोटी बोलत सुटले: हा खड्डा बघ, कळला का, तो बघ, आता वळण आहे, आता नाही. मागून उत्तर येईना. गाडी कडेला घेऊन वळून पाहिलं, तर अक्का तोंड उघडं टाकून झोपली होती.

सुगंधाबाई वाळून काडी झाली होती. अक्काला बघून तिनं पांघरुणातून हात बाहेर काढला. "सिस्टर, बीपी घ्या की माझं," म्हणाली. अक्कानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, काटा बघितला आणि शांतपणे म्हणाली, "तुझं चांगलंय. माझंच वाढलंय, हिच्या गाडीत बसून." दोघी हसल्या, आणि मग अक्कानं पट्टा काढला पण हात काही सोडला नाही. मी अंगणात जाऊन कोंबड्या बघत बसले.

परतताना उतार लागला. माझ्या मनात आलं, मी आजवर जे जे शहाणपणा करून निवडलं ते बहुधा परत करावं लागलंय, आणि तरी लोकांनी मला चहा पाजून ते बदलून दिलंय. संध्याकाळी पुंडलिकनगरात गाडी थांबवली. अक्का उतरली, कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली, एकदा डावीकडं वळली, एकदा उजवीकडं. मग खिडकीशी वाकली आणि म्हणाली:

"पाठ हाय जाग्यावर. बुधवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्हे, शुक्रवारी बँकेत. अन् चालवताना तोंड मिटून ठिवत जा."