जाब्रियातला बघण्याचा कार्यक्रम

कुवेतमध्ये फिरायला काय आहे, असं गावची पोरं फोनवर विचारतात. मी सांगतो, रस्ते आहेत. सहा वर्षं झाली, तेच फिरतोय, पण पगारी. जाब्रियातल्या एका दवाखान्याची स्टाफ व्हॅन माझ्याकडे असते. सकाळी नर्स गोळा करायच्या, संध्याकाळी घरोघर पेरायच्या. श्रीवर्धनच्या शाळेने मला नववीत हात जोडले, तेव्हापासून मी एका जागी बसतो तो फक्त स्टिअरिंगमागे. त्यामुळे दवाखान्याच्या लॅबमधल्या शिंदेताई म्हणाल्या, "सलीम, शुक्रवारी फिरायला येतोस का? गाडीचं मी मुदीरशी, आपल्या मॅनेजरशी बोलते," तेव्हा मी आधी हो म्हणालो आणि मग विचारलं, कुठे.

गोष्ट अशी होती. ताईंचा ओंकार इथल्या अमेरिकन शाळेत बारावीला. फी नवऱ्याची कंपनी भरते, पण फक्त बारावीपर्यंत. पुढे अमेरिकेत शिकायचं तर कॉलेजनेच फी माफ केली पाहिजे, आणि ओंकारचं डोकं काही माफीलायक मार्क मिळवणारं नाही. त्याच्याकडे आहे ते अंग. तो अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्याने तिकडच्या कॉलेजांना व्हिडिओ पाठवले, त्यातल्या एकाच कोचने उत्तर दिलं. दुबईहून जाता जाता तो दोन दिवस पोराला बघायला येणार होता. पसंत पडला तर अमेरिका. नाही पडला तर सांगली, मामाच्या ओळखीने इंजिनिअरिंग. सांगली म्हटलं की ओंकारला ठसका लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे तो तिथे राहिलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा फुटबॉल पायाचा नाही. अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचं. ओंकार पळणाऱ्यांतला नाही, तो पुढे भिंत होऊन उभा राहणाऱ्यांतला. समोरून अंगावर येतील त्यांना ढकलून धरायचं, मागच्याला खरचटता कामा नये. चेंडूला हात लावायचा नाही, नाव मागच्याचं. मी म्हटलं, हे शिकायला अमेरिकेला कशाला जायचं? आखातात अर्धं कोकण हेच करतंय.

गुरुवारी दुपारी कोचला आणायला गेलो. मी राहतो खैतानला, तिथून विमानतळ इतका जवळ की सिग्नल लागले नाहीत तर गाण्याचं एक कडवंही पूर्ण होत नाही. तुम्ही उतरलात तर बाहेरच्या टॅक्सीवाल्याला आधी भाडं विचारा, मग बसा. कोचचं नाव डॅन. लाल टोपी, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. भूक लागली म्हणाला, म्हणून त्याला आमच्या खैतानच्या हॉटेलात नेलं. दीड दिनारात चिकन बिर्याणी, रायता वरून. त्याने दोन मागवल्या. खाताना तो ताटाकडे बघत नव्हता, गिऱ्हाइकांकडे बघत होता. एखादा रुंद माणूस आत आला की घास हातातच. गल्ल्यावरचे हाजीसाहेब उठून उभे राहिले तेव्हा मला कोपर मारून म्हणाला, "गुड हिप्स." हाजीसाहेबांनी विचारलं, "काय म्हणतो गोरा?" मी म्हणालो, बिर्याणी आवडली म्हणतो.

शुक्रवारी सकाळी जाब्रिया. ताईंच्या घरी नवीन पडदे, टीपॉयवर क्रोशाचा रुमाल आणि चक्क कांदेपोहे. ओंकार इस्त्रीचा शर्ट घालून आतून आला. कोचने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बघितलं, अजून कोणी येतंय का म्हणून.

"व्हेअर इज द रेस्ट ऑफ हिम?"

ताईंना वाटलं कौतुक झालं. "दोन महिने भात बंद, साखर बंद, रोज सकाळी गल्फ रोडला चालायला. सांग रे त्यांना. चार लोक बघायला येणार म्हटल्यावर पोरगा सडसडीत नको दिसायला?"

"मॉम, आय टोल्ड यू! ही वॉन्टेड बिग!"

"सांगितलंस रे. मला वाटलं, तुला भात सोडवत नाहीये म्हणून सांगतोयस."

मग कोचने उभं राहा, बस, वळ, सगळं केलं. मनगट मोजलं, पंज्याची वीत बघितली. माझ्या बहिणीला बघायला आले होते तेव्हा पाहुण्यांनी निदान शिक्षण तरी विचारलं होतं. तीन बशा पोहे खाऊन कोच म्हणाला, असं खाणं असलेल्या घरात पोरगा एवढाच? ताई स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नळ चालू होता, पण भांड्यांचा आवाज नव्हता.

शेवटी कोच म्हणाला, बाप दाखवा. बापाची हाडं रुंद असतील तर पोराला आशा आहे. शिंदे साहेबांची ड्युटी शुऐबाला, तिकडच्या कारखान्यात. सुट्टी मिळाली नव्हती. मग आम्ही सगळे व्हॅनमध्ये.

शुऐबाला जायचं तर शुक्रवारी सकाळीच निघा, रस्ता मोकळा असतो. फहाहीलच्या अलीकडे टपरीवर करक चहा घ्या, शंभर फिल्स. आम्हीही घेतला, पण आमच्या गाडीत तो कोणाला गोड लागला नाही. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. ओंकार मागच्या सीटवर चिप्सचं पाकीट फोडून एकेक करून तोंडात टाकत होता, औषध घेतल्यासारखं. जणू शुऐबा येईपर्यंत वजन परत येणार होतं.

पुढे कोचला उंट दिसला. फोटो पाहिजे म्हणाला. मी गाडी डांबरावरून खाली घेतली, आणि मागची चाकं वाळूत बसली. ही चूक करू नका. ती वाळू वरून घट्ट दिसते, आत पीठ असतं. मी गॅस दिला, चाकं अजून खाली. तेवढ्यात ओंकार उतरला. त्याने इस्त्रीचा शर्ट काढून ताईंच्या हातात दिला, व्हॅनच्या मागे गेला, गुडघ्यात वाकला, कंबर खाली घातली आणि खांदा लावला. आरशात मला तो दिसेना, इतका खाली होता. कोच उंट विसरला. "लो! स्टे लो!" करून बोंबलायला लागला, मोबाईलवर शूटिंग करत. पाठीमागून एक संथ, न थांबणारा जोर आला आणि व्हॅन उचलल्यासारखी डांबरावर चढली. उंट निघून गेला होता.

कोच ओंकारच्या पाठीवर थापा मारत होता. त्याने मला म्हटलं ते एवढं कळलं, की वजन कोणीही चढवू शकतो, हे शिकवता येत नाही.

कारखान्याच्या गेटवर शिंदे साहेब आले. ताईंच्या खांद्याला लागतील एवढे, हेल्मेटसकट. कोचला आता काही फरक पडत नव्हता. ऑगस्टपर्यंत उतरवलेलं सगळं परत चढवा, जागा तुमची, म्हणाला. "वी आर फॅमिली!"

साहेबांनी हेल्मेट काढलं. "ओम, विचार त्यांना. दुसऱ्याला वाचवताना तुझं काही मोडलं तर खर्च कोण करणार?"

ओंकारने विचारलं. कोच परत म्हणाला, फॅमिली.

"फॅमिली आमची पण आहे म्हणावं. इन्शुरन्स आहे का ते विचार."

इन्शुरन्स आहे असं निघालं. साहेबांनी ओंकारला विचारलं, "तुला जायचंय?" पोरगा वाळूने माखलेला होता. "येस बाबा," म्हणाला. साहेब आत ड्युटीवर गेले. दुसऱ्या दिवशी कोचला विमानतळावर सोडलं. तिथेही तो दारात उभ्या असलेल्या एका पोलिसाची कंबर बघत होता.

नंतरचे दोन महिने आमच्या व्हॅनमध्ये रोज सकाळी ओंकारचं वजन जाहीर व्हायचं. पूर्वी कमी झालं म्हणून अभिनंदन करणाऱ्या नर्स आता वाढलं म्हणून करायच्या. मी खैतानच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, नेऊन द्यायचो. पोरगा भरला. परत दारात मावेना झाला.

आणि मागच्या आठवड्यात कळलं की कोच ते कॉलेज सोडून मोठ्या कॉलेजात गेला. पगार जास्त. फोन उचलत नाही, शूटिंग त्याच्याच मोबाईलमध्ये. ताई म्हणाल्या, "तोही नोकरीला बाहेरगावीच की, त्याला काय बोलायचं," पण त्या दिवशी त्यांनी वजन सांगितलं नाही. जुन्या कॉलेजातला नवा कोच म्हणतो, मी याला ओळखत नाही. जागा आहे, पण काहीतरी ढकलताना दाखवा.

मला वाटलेलं, ओंकार आता सांगलीची बॅग भरेल. तो माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. "सलीमभाई, धिस फ्रायडे तुम्ही फ्री आहात?"

तर या शुक्रवारी आम्ही परत चाललोय. तीच जागा, तीच वाळू, व्हॅन मुद्दाम आत घालायची. ताई पोह्यांचा डबा घेणार आहेत. साहेबांनी या वेळी सुट्टी मिळवलीय, मोबाईल ते धरणार.

मी अट एकच घातलीय. स्टिअरिंगवरचा माणूस व्हिडिओत दिसता कामा नये. निदान एकदा तरी नाव ढकलणाऱ्याचं होऊ दे.