पायाचा साचा

यंदा मी देवावर रुसलो होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे शोभत नाही, पण रुसलो होतो खरा. दोन वर्षांपूर्वी रोह्याला घरी येताना निडी गावाजवळ मोटरसायकल घसरली आणि माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. शाळेत शिकवायला कृत्रिम पाय पुरत होता, पण जीव अडकला होता नदीत. अपघाताआधी मी कुंडलिका नदीवर कयाक, ती एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, चालवायचो. सकाळी वरच्या वीजघरातून पाणी सुटलं की कोलाडकडे नदी अशी खवळते की माणूस स्वतःचं नावही विसरतो.

पुन्हा त्या पाण्यात उतरायचं मी ठरवलं. पाणी किती वाजता सुटतं, कुठे थांबायचं, कोणता खडक कोणत्या बाजूने टाळायचा, सगळं आखून झालं. बायको, रेखा, या विषयावर माझ्याशी बोलायचीच नाही. शेवटी महेशने माझ्या बेतावर पाणी फिरवलं. महेश माझा जुना विद्यार्थी, आता नदीवर कयाक शिकवतो.

"सर, कयाक पायांनी आतून घट्ट धरायला लागते. तुमचा पाय सैल र्‍हातोय. उलटलात तर सुलटे नाय होणार. मी नाय सोडणार तुमाला."

फोम कापून त्याने तीनदा आधार करून पाहिला, तिन्ही वेळा पाय निसटला.

त्या रागात मी पेणला गेलो. आमच्या घरचा पाट दरवर्षी आषाढाआधीच गणपतीच्या कारखान्यात देऊन ठेवतात, त्याच पाटावर मूर्ती घरी येते. मी तो परत आणायला निघालो होतो. यंदा गणपती आणायचा नाही, हे घरात कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. असला आगाऊपणा आमच्याकडे आजवर कुणी केला नसेल.

मालक नव्हते. साठीची एक अनोळखी बाई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत बसली होती. मी पाट मागितला तसा तिने ब्रश खाली ठेवला.

"घरात कुणाचं बरंवाईट झालं काय?"

"नाही. माझा पाय गेलाय."

"ते दिसतंय. त्याचा नि गणपतीचा काय संबंध?"

मग काय झालं कुणास ठाऊक, नदी, कयाक, सैल पाय, मी सगळं भडाभडा बोलून गेलो आणि रडलोही. इतका मी रेखासमोरसुद्धा कधी रडलो नव्हतो.

"अंदाजानं जमायचं नाय," ती म्हणाली. "साचा काढायला लागेल. बसा."

मी कृत्रिम पाय काढला, तिने उरलेल्या पायाला तेल चोपडलं आणि वर ओलं प्लास्टर थापलं. "आता हलू नका. सुकेपर्यंत हा पाय माझा हाय." मला एका जागी बसणं माहीत नाही, वर्गातही मी फेऱ्या मारतो. पण तिथे बसलो. दोन वर्षं सगळं मीच ओढून नेत होतो, त्या अर्ध्या तासात मला काहीच करायचं नव्हतं. फार हलकं वाटलं.

साच्यातून तिने माझ्या पायाची हुबेहूब प्रतिकृती काढून दिली, म्हणाली, याच्यावर फोम बसवा. मी पाट तिथेच ठेवून रोह्याला परतलो. ती आजारी वहिनीच्या जागी फक्त तीन दिवस कामाला आली होती, हे मला नंतर कळलं. मी दोन दिवस उशिरा रागावलो असतो तर भेट झाली नसती.

गणपती आले, गेले, पाऊस ओसरला. महेशने त्या प्रतिकृतीवरून फोम कोरला आणि संथ डोहात नेऊन मला मुद्दाम उलटं केलं. नाकात पाणी गेलं, मी धडपडू लागलो. तेवढ्यात जाणवलं, पाय सगळीकडून धरलेला आहे. मी झगडणं सोडलं, वल्हं फिरवलं आणि वर आलो. काठावरची रेखा साडीसकट गुडघाभर पाण्यात आली होती.

"कधी जायचं ते सांगा," ती म्हणाली. "मी काठानं गाडीतून येते."

बाप्पाकडे मी पाय परत मागत होतो. तो मिळाला नाही, मिळणारही नाही. जो उरलाय तो विश्वासाने कुणाच्या हाती द्यायला मात्र त्याने मला शिकवलं, आणि त्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. परवा सकाळी पाणी सुटेल तेव्हा मी नदीत असेन. मला भीती वाटतेय, आणि मी फार आनंदात आहे.